पायाखालचा रस्ता: लंडनमधल्या दोन दिवसांच्या संपाचं प्रकरण

४ फेब्रुवारी २०१४, मंगळवार. रात्री लंडनच्या भुयारी रेल्वेचे कर्मचारी संपावर गेले. संप ४८ तासांचा, म्हणजे बुधवार आणि गुरुवार, कामाचे दोन पुरते दिवस. तिथले लोक या रेल्वेला ‘ट्यूब’ म्हणतात. तिची तेव्हा २७० स्टेशनं होती आणि त्यांतल्या १७१ स्टेशनांची दारं त्या दोन दिवसांत उघडली नाहीत. काही मार्गांवर गाड्या धावत होत्या, पण कमी, आणि मधली बंद स्टेशनं न थांबता ओलांडून. जादा बस सोडल्या होत्या. त्यात पाऊस. २०१३-१४चा तो हिवाळा इंग्लंड आणि वेल्समध्ये १७६६पासूनच्या नोंदींतला सर्वांत ओला ठरला. संप सुरू झाला त्याच रात्री तिकडे नैर्ऋत्येला, डॉलिश गावाजवळ, समुद्राच्या लाटांनी रेल्वेमार्गाखालची भिंत फोडून रूळ अधांतरी लोंबकळत ठेवले. लंडनमध्ये एवढं काही घडलं नाही, पण ‘आज चालतच जाऊ’ किंवा ‘सायकल काढू’ म्हणणाऱ्याला घरातच थांबवील इतकी हवा वाईट होती.

मोठ्या शहरात नोकरी करणाऱ्याला असा दिवस कधी ना कधी येतोच. रोजचं स्टेशन बंद दिसतं. माणूस क्षणभर दारासमोर उभा राहतो, पाटी दोनदा वाचतो, मग फोन काढतो, शेजारच्याला विचारतो, आणि ज्या वाटेनं एरवी कधी गेला नसता त्या वाटेला लागतो. उशिरा का होईना, पोचतो. दोन दिवस सगळ्या ऑफिसात एकच विषय असतो: तू कसा आलास, किती वेळ लागला. मग संप मिटतो आणि सगळं पहिल्यासारखं होतं.

लंडनमध्ये मात्र सगळं पहिल्यासारखं झालं नाही. शुक्रवारी, ७ फेब्रुवारीला, स्टेशनं उघडली, गाड्या नेहमीसारख्या धावू लागल्या, तरी काही माणसं आपल्या जुन्या रस्त्याला परतली नाहीत. ही गोष्ट मोजता आली, म्हणूनच या दोन दिवसांचं एक प्रकरण म्हणून लिहायला बसले आहे. आपण रोज ज्या रस्त्यानं कामाला जातो तो आपण निवडलेला असतो की नुसता पायाखाली आलेला असतो, या प्रश्नाचं इतकं स्वच्छ उत्तर मला दुसरीकडे कुठे सापडलेलं नाही.

कार्डाला काय कळतं

ट्यूबमध्ये शिरताना निळं ऑयस्टर कार्ड फाटकावरच्या पिवळ्या गोलावर टेकवायचं, बाहेर पडताना पुन्हा टेकवायचं. ही पद्धत २००३पासूनची. प्रत्येक टेकवण्याची नोंद होते: कुठलं स्टेशन, किती वाजता. मधल्या प्रवासाचं मात्र कार्डाला काहीच कळत नाही. तुम्ही कुठे गाडी बदलली, कुठे चुकीच्या फलाटावर गेलात, कुठे दोन गाड्या सोडल्यात, यातलं काही नाही. आत शिरल्याची जागा आणि वेळ, बाहेर पडल्याची जागा आणि वेळ, बस एवढंच.

शॉन लारकॉम, फर्डिनांड राउख आणि टिम विलेम्स या तीन अर्थशास्त्रज्ञांनी १६ जानेवारी ते १२ फेब्रुवारी २०१४ या २० कामाच्या दिवसांच्या नोंदी घेतल्या. नोंदींमध्ये कोणाचं नाव नव्हतं, पण एकच कार्ड दिवसामागून दिवस ओळखता येत होतं. त्यांचा अभ्यास २०१७मध्ये ‘क्वार्टर्ली जर्नल ऑफ इकॉनॉमिक्स’मध्ये छापून आला. त्यांनी सकाळच्या गर्दीच्या वेळी नेमानं कामाला जाणारे प्रवासी तेवढे निवडले. सकाळ निवडण्यात मला फार शहाणपण दिसतं. संध्याकाळी माणूस मधेच कुठे उतरतो, कोणाला भेटतो, मुद्दाम रेंगाळतोही. सकाळी त्याला फक्त पोचायचं असतं. त्यामुळे सकाळचा रस्ता हा त्याच्या हिशेबानं सगळ्यात चांगला रस्ता असायला हवा.

मग त्यांनी पाहिलं की संपाआधी प्रत्येकाची नेहमीची शिरण्याची आणि उतरण्याची स्टेशनं कोणती होती, संपात ती बदलली का, आणि संपानंतरच्या दिवसांत ती पुन्हा पहिली झाली का. सगळ्याच स्टेशनांना कुलूप लागलं असतं तर हा अभ्यास उभाच राहिला नसता. काहींचं स्टेशन बंद होतं, काहींचं उघडं होतं. ज्यांचा रस्ता अडला आणि ज्यांचा अडला नाही अशा दोन गटांची तुलना त्यामुळेच करता आली. एरवी फेब्रुवारीत माणसं आपणहून रस्ते बदलतातच, असं कोणी म्हटलं असतं तर त्याला उत्तर देता आलं नसतं.

निष्कर्ष असा निघाला: ज्यांना संपामुळे वेगळा रस्ता धरावा लागला त्यांच्यातले साधारण पाच टक्के लोक संप मिटल्यावरही नव्याच रस्त्यानं जात राहिले. म्हणजे वीसात एक.

हा आकडा वाचून लोक दोन टोकांच्या गोष्टी बोलतात. कोणी म्हणतं, फक्त पाचच? कोणी म्हणतं, बापरे, पाच! मी दुसऱ्या पक्षात आहे. ही रोजची, अनुभवी, त्याच शहरात राहणारी माणसं होती. एखादी वस्तू वर्षातून एकदा घेताना चूक होणं वेगळं. हा प्रवास ती महिन्यातून वीस वेळा करत होती, आणि तरीही वीसातल्या एकाला आपल्यासाठी याहून चांगला रस्ता आहे हे माहीत नव्हतं. तेही अशा शहरात, जिथे प्रवासाचा मार्ग सांगणाऱ्या सेवा फोनवर फुकट मिळत होत्या. शिवाय दोन दिवसांत प्रत्येकाला एखाददुसराच पर्याय आजमावता आला, तोही गर्दीत, पावसात, अर्ध्या बंद पडलेल्या जाळ्यात. नीट सवडीनं आजमावले असते तर आकडा काय निघाला असता, याचा विचार मी तेव्हापासून करते आहे.

रस्ता ठरतो कधी

नोकरीच्या पहिल्या आठवड्यात.

त्या आठवड्यात माणसाला एकाच गोष्टीची धास्ती असते: उशीर. म्हणून तो ज्या रस्त्यात चुकण्याची शक्यता कमी तो रस्ता धरतो. मोठं जंक्शन, ठळक पाट्या, नकाशावर सरळ दिसणारी रेघ. कोणीतरी ‘अमुक ठिकाणी बदला’ म्हणून सांगितलेलं असतं, तेच करतो. हा निर्णय त्या आठवड्यासाठी अगदी बरोबर असतो. गंमत पुढे आहे. दुसऱ्या महिन्यात धास्ती संपते, शहर ओळखीचं होतं, आणि पहिल्या आठवड्यातल्या परक्या माणसानं घेतलेला निर्णय तसाच पुढे चालू राहतो.

आणि त्या रस्त्यात माणूस किती तरबेज होतो! जिन्यासमोर कुठल्या डब्याचं कुठलं दार उघडतं हे त्याला ठाऊक असतं. त्यासाठी फलाटावर कुठल्या खांबापाशी उभं राहायचं तेही ठाऊक असतं. सरकत्या जिन्याची कुठली बाजू पटकन मोकळी होते, फाटकांच्या रांगेतलं कुठलं फाटक अडखळतं, पावसात कुठल्या दारानं बाहेर पडलं तर छत्री उघडावी लागत नाही, सगळं पाठ. दहा-दहा सेकंद वाचवण्याचं हे कसब खरं असतं, मेहनतीनं कमावलेलं असतं. त्याच्यामुळेच आपण रस्ता पुरता ओळखतो असा विश्वास बसतो. पण हे सगळं ज्ञान त्या एका रस्त्याच्या आतलं असतं. शेजारच्या रस्त्याबद्दल ते काही सांगत नाही. उलट त्या रस्त्यानं जायचं म्हटलं की पुन्हा पहिल्या दिवसासारखं नवखं व्हावं लागतं, पाट्या वाचाव्या लागतात, आणि रोजच्या माणसाला ते नको असतं.

हर्बर्ट सायमन या अर्थशास्त्रज्ञानं १९५०च्या दशकात मांडलं होतं की माणसं सगळ्यात उत्तम पर्याय शोधत बसत नाहीत. पुरेसा बरा पर्याय सापडला की थांबतात. त्यांना १९७८मध्ये नोबेल पारितोषिक मिळालं. मराठीत यासाठी ‘भागणं’ हा फार नेमका शब्द आहे. भागतंय ना, मग झालं. या वागण्यात काही खोट नाही; दर निर्णयाला उत्तमाचा शोध घेत बसलं तर दिवस पुरणार नाही. लंडनच्या अभ्यासकांनी मात्र नेमका हाच मुद्दा तपासला. शोधायला लागणाऱ्या कष्टांच्या मानानं फायदा थोडा असेल तर माणसं शहाणपणानंच थांबली, असं म्हणता येईल. पण रस्ता बदललेल्यांचा वाचणारा वेळ पाहता, तेवढ्यासाठी शोधाचे कष्ट न परवडणारे होते असं मानायचं तर ते कष्ट अवास्तव मोठे धरावे लागतात. त्यांचं म्हणणं असं की माणसं एरवी आजमावतातच कमी, जेवढं आजमावायला हवं त्यापेक्षा पुष्कळ कमी.

मला हे पटतं, आणि त्याचं कारण हिशेब कसा लागतो यात आहे. समजा नवा रस्ता आजमावायला एका सकाळी २० मिनिटं जास्त गेली. हा तोटा आजचा, डोळ्यांसमोरचा, वर साहेबांच्या चेहऱ्यावर दिसणारा. समजा तो रस्ता खरोखर बरा निघाला आणि जाता-येता पाच-पाच मिनिटं वाचली. दिवसाला दहा मिनिटं. त्यानं कोणाचं आयुष्य बदललेलं दिसत नाही. पण वर्षाला २२५ कामाचे दिवस धरले तर ते २,२५० मिनिटं होतात, साडेसदतीस तास. वीसातला एकच प्रयत्न यशस्वी होतो असं धरलं तरी प्रत्येक प्रयत्नामागे पहिल्याच वर्षी सरासरी ११२ मिनिटं हाती लागतात, आणि मोजलेली २० मिनिटं वजा केली तरी सौदा फायद्याचा राहतो. हे आकडे समजण्यापुरते मी धरलेले आहेत, पण हिशेबाची तऱ्हा तीच. तोटा एकरकमी असतो, फायदा चिल्लर होऊन येतो, आणि चिल्लर कोणी मोजत नाही.

नकाशा

या प्रकरणातला मला सगळ्यात रंगतदार वाटलेला भाग नकाशाचा आहे. रस्ता बदलून तो कायम ठेवणाऱ्यांचं प्रमाण सगळीकडे सारखं नव्हतं. ट्यूबचा नकाशा ज्या भागांत खऱ्या भूगोलापासून जास्त दूर जातो, त्या भागांतल्या प्रवाशांवर संपाचा परिणाम जास्त झाला.

ट्यूबचा प्रसिद्ध नकाशा हॅरी बेक या तांत्रिक आरेखकानं १९३१मध्ये काढला आणि १९३३मध्ये तो लोकांच्या हातात आला. रेघा आडव्या, उभ्या किंवा पंचेचाळीस अंशांतल्या, स्टेशनांमधली अंतरं जवळपास सारखी, गजबजलेला मध्यभाग मोठा केलेला, उपनगरं आत ओढून घेतलेली. जमिनीवरच्या खुणांपैकी फक्त थेम्स नदी ठेवलेली, तीही कोन करून वळणारी. भुयारात बसलेल्या माणसाला वर काय आहे याच्याशी कर्तव्य नसतं, कुठे बदलायचं एवढंच हवं असतं, हे बेकनं ओळखलं. जगभरच्या मेट्रोंनी पुढे हीच धाटणी उचलली. सुंदर आणि कामाची वस्तू आहे ती, याबद्दल वाद नाही.

पण ती अंतर सांगत नाही. लेस्टर स्क्वेअर ते कॉव्हेंट गार्डन हे अंतर सुमारे २६० मीटर आहे, जाळ्यातलं सगळ्यात कमी. दुसऱ्या टोकाला चॅलफंट अँड लॅटिमर ते चेशम हे सव्वासहा किलोमीटर, सगळ्यात जास्त. दोन्ही ठिकाणी ‘पुढचंच स्टेशन’. नकाशावर बोट ठेवून या दोहोंतला फरक कोणालाच ओळखता येणार नाही. कॉव्हेंट गार्डनला तर उतरल्यावर वर यायला लिफ्टची वाट पाहावी लागते, नाहीतर १९३ पायऱ्या चढाव्या लागतात. लेस्टर स्क्वेअरला उतरून रस्त्यानं चालत गेलेला माणूस तोवर पोचलेला असतो.

बेजवॉटर आणि क्वीन्सवे या दोन स्टेशनांचं उदाहरण मला त्याहून बोलकं वाटतं. दोन्ही वेगवेगळ्या मार्गांवर, नकाशावर दोन वेगळे ठिपके, मधे जोडणारी रेघ नाही. प्रत्यक्षात ती एकाच रस्त्यावर आहेत, एकातून निघून दुसऱ्यात जायला दोन-तीन मिनिटं पुरतात. बेजवॉटरला राहून वर्षानुवर्षं सर्कल मार्गानं फिरणाऱ्याला सेंट्रल मार्ग आपल्या दाराशी आहे हे नकाशा कधी सांगत नाही. स्टेशनला कुलूप लागलं तर लगेच कळतं.

नकाशाची ही ताकद संपाच्या तीन वर्षं आधी, २०११मध्ये, झान गुओ या संशोधकानं दाखवून दिली होती. ट्यूबच्या प्रवाशांनी निवडलेल्या रस्त्यांवर प्रत्यक्ष लागणाऱ्या वेळेपेक्षा नकाशावरच्या लांबीचा प्रभाव जवळपास दुप्पट आढळला. त्यांचं एक उदाहरण पॅडिंग्टन ते बाँड स्ट्रीटचं आहे. जायचे दोन रस्ते: बेकर स्ट्रीटला बदलून किंवा नॉटिंग हिल गेटला बदलून. नकाशावर नॉटिंग हिल गेटचा रस्ता सुमारे दहा टक्के जवळचा दिसायचा, प्रत्यक्षात त्याला सुमारे पंधरा टक्के जास्त वेळ लागायचा. तरी सुमारे तीस टक्के प्रवासी तिकडूनच जात. आता पॅडिंग्टन आणि बाँड स्ट्रीट ही दोन्ही स्टेशनं २०२२मध्ये सुरू झालेल्या एलिझाबेथ मार्गानं थेट जोडली गेली आहेत, त्यामुळे हा प्रश्न तिथे उरला नाही. पण रोजचा अनुभव असूनही माणूस कागदावरच्या रेघेवर जास्त विश्वास ठेवतो, ही गोष्ट त्या एका रस्त्यापुरती नव्हती.

अभ्यासकांनी वेगाचाही विचार केला. ट्यूबच्या सगळ्या मार्गांवर गाड्या सारख्या वेगानं धावत नाहीत, आणि नकाशावर वेग कुठेच दिसत नाही. ज्यांचा नेहमीचा मार्ग संथ होता, त्यांना संपानं जास्त शिकवलं.

संपाचा फायदा झाला म्हणावं का

अभ्यासाचा जो भाग बातम्यांत सर्वाधिक गाजला तो हा: नवा रस्ता सापडलेल्यांचा पुढच्या काळात वाचणारा वेळ एकत्र केला तर तो दोन दिवसांत सगळ्यांच्या वाया गेलेल्या वेळेपेक्षा जास्त भरतो. अडचण आली, म्हणून शोध लागला, आणि बेरीज वजाबाकी करून शहर फायद्यात राहिलं.

मी हा निष्कर्ष खोटा म्हणत नाही, पण इथे मला थांबावंसं वाटतं. सगळ्यांची मिनिटं एका पिशवीत घालून मोजली की कोणाची मिनिटं गेली आणि कोणाला मिळाली हे दिसेनासं होतं. वीसातल्या एकाला कायमचा बरा रस्ता मिळाला. उरलेल्या एकोणीस जणांनी दोन दिवस हाल सोसून तो मिळू दिला. आणि मिनिट म्हणजे सगळीकडे मिनिटच नसतं. लॅपटॉप उघडून ‘आज घरून करतो’ म्हणणाऱ्याचा अर्धा तास, आणि पहाटेच्या पाळीला इमारत झाडायला जाणाऱ्या बाईचा, उशीर झाला तर पैसे कापले जाणारा अर्धा तास, या दोहोंना एकच वजन देता येत नाही. कार्डाच्या नोंदीत हा फरक येत नाही. तिला फक्त वेळ कळते.

दुसरं असं की जे एकोणीस जुन्या रस्त्याला परतले ते आळशी होते असं मुळीच नाही. बहुतेकांचा जुना रस्ताच बरा होता, आणि आता त्यांना ते माहीत झालं. हाही शोधच आहे. काहींना वेळ सारखा असला तरी जुना रस्ता हवा असेल: तिथे बसायला जागा मिळते, गाडी बदलावी लागत नाही, वाटेत ओळखीचे चेहरे दिसतात. गाडी बदलण्याचा जाच मिनिटांपेक्षा मोठा असतो हे रोज बदलणाऱ्याला कोणी सांगायला नको. बदलायची म्हणजे उठायचं, पुस्तक मिटायचं, दारापर्यंत पोचायचं, जिना, वाट पाहणं, आणि पुढच्या गाडीत जागा मिळेल याची खात्री नाही. जाग्यावर बसून केलेला चाळीस मिनिटांचा प्रवास मी दोनदा बदलून केलेल्या पस्तीस मिनिटांपेक्षा केव्हाही पत्करीन.

माझं स्वतःचं

हे सगळं मी एका वेगळ्याच निमित्तानं वाचायला घेतलं होतं. ऑफिसात नव्यानं रुजू झालेली एक मुलगी माझ्याच भागात राहते. तिनं तिसऱ्याच दिवशी विचारलं, “ताई, तुम्ही मधे गाडी का बदलता?” मी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि माझ्याकडे उत्तर नव्हतं. पहिल्या आठवड्यात फाटकाजवळच्या एका माणसानं सांगितलं होतं म्हणून. त्याला सहा वर्षं झाली होती.

मग मी दोन आठवडे वहीत लिहिलं. घराचं दार ओढल्यापासून खुर्चीत बसेपर्यंत किती मिनिटं, एवढंच. गाडीत किती वेळ गेला हे मी मोजलं नाही, कारण आपण फसतो ते तिथेच. गाडीचा वेळ आपल्याला पाठ असतो, पण वाट पाहण्याचा, चालण्याचा आणि जिन्यांचा वेळ आपण धरतच नाही. पहिला प्रयोग मी सकाळी केला नाही. संध्याकाळी परतताना केला, जेव्हा चुकलं तरी कोणी वाट पाहत नव्हतं. शिवाय सरासरीपेक्षा मी सगळ्यात वाईट दिवसाकडे जास्त लक्ष दिलं. रोज ४५ मिनिटं घेणारा रस्ता आणि कधी ३५ तर कधी ६० घेणारा रस्ता यांत वेळेवर पोचायचं असेल तर मला पहिला हवा. दुसऱ्यासाठी घरातून रोज तासभर आधीच निघावं लागतं, मग सरासरी काहीही असो.

निघालं ते मला अपेक्षित नव्हतं. सकाळी माझाच जुना रस्ता बरा होता. संध्याकाळी मात्र तिचा न बदलण्याचा रस्ता सरळ सरळ चांगला होता, कारण माझ्या जंक्शनवर संध्याकाळी जिन्याच्या तोंडाशीच गर्दी तुंबते आणि बदलायच्या पाच मिनिटांची बारा होतात. जाण्याचा आणि येण्याचा रस्ता एकच असला पाहिजे असं कोणीही मला कधी सांगितलेलं नव्हतं. मीच ते धरून चालले होते. आता मी सकाळी एका वाटेनं जाते आणि संध्याकाळी दुसऱ्या वाटेनं येते. ती मुलगी सकाळी माझ्याबरोबर असते.

तिकीटखिडक्या

संप कशासाठी होता हे सांगायचं राहिलं. नोव्हेंबर २०१३मध्ये लंडनचा वाहतूक कारभार पाहणाऱ्या ट्रान्सपोर्ट फॉर लंडननं ट्यूबच्या सगळ्या तिकीटखिडक्या बंद करायचं जाहीर केलं. कार्डामुळे खिडकीवर येणारे लोक फार थोडे उरले आहेत, असं त्यांचं म्हणणं होतं. त्यात सुमारे साडेनऊशे जागा जाणार होत्या. कर्मचारी संघटनांचं म्हणणं होतं की खिडकीतला माणूस फक्त तिकीट देत नाही. अडलेला, चुकलेला, नवखा माणूस त्याच्याकडेच येतो. पुढच्याच आठवड्यात ठरलेला दुसरा संप बोलणी सुरू झाल्यामुळे स्थगित झाला, एप्रिलअखेर पुन्हा एक संप झाला. अखेर २०१५ सालात खिडक्या एकामागून एक बंद झाल्या आणि तिथले कर्मचारी फाटकांजवळ उभे राहू लागले.

त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये ट्रान्सपोर्ट फॉर लंडननं ट्यूबचा एक नवा नकाशा काढला. बेकच्या त्याच रेघा, तेच रंग. फक्त लगतच्या स्टेशनांच्या मधे एक छोटा आकडा छापलेला: एका स्टेशनातून पुढच्या स्टेशनात चालत जायला लागणारी मिनिटं.